पटावरची नावे

माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक स्नेहभोजनाला येणारा माणूस सभागृहाच्या दारातल्या टेबलाशी थांबतो, वर्गणीची पावती दाखवतो आणि छातीवर लावायचा एक लहानसा बिल्ला घेतो. बिल्ल्यावर नाव असते, नावाखाली शाखा असते आणि या दोहोंपेक्षा ठळक अक्षरांत एक वर्ष छापलेले असते. पुढचे दोन-तीन तास जो तो समोरच्याचा चेहरा न्याहाळण्याआधी त्या वर्षाकडे पाहतो. एरवी समाजात माणसाची ओळख हुद्द्यावरून, आडनावावरून किंवा गावावरून लागते. येथे ती एका आकड्यावरून लागते आणि कोणाला काय म्हणून हाक मारायची हेही तो आकडाच ठरवतो. मंत्रालयातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले गृहस्थ आपल्यापुढे दोन वर्षे असलेल्या बागायतदाराला सहजपणे 'दादा' म्हणतात, आणि एकाच वर्षाचा बिल्ला लावलेली दोन माणसे, महाविद्यालयात असताना परस्परांशी कधी बोललेली नसली तरी, पहिल्याच वाक्यात 'अरे-तुरे'वर येतात. सोबत आलेल्या जोडीदारांना याचे नवल वाटते, कारण घरी इतक्या लवकर मोकळे होणारे हे माणूस त्यांनी क्वचितच पाहिलेले असते.

या वर्षाला सगळे 'बॅच' म्हणतात. एकाच साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांचा गट, एवढाच त्या शब्दाचा अर्थ; पण प्रत्यक्षात ही सीमारेषा नेहमी स्वच्छ नसते. एखाद्याचे मधले वर्ष आजारपणात गेलेले असते. एखादा 'एटीकेटी'वर, म्हणजे काही विषय राहिले असतानाही पुढच्या वर्गात बसण्याच्या सवलतीवर, पुढे सरकलेला आणि शेवटी अडलेला असतो. अशा माणसाने कोणत्या टेबलावर बसायचे, हा प्रश्न संयोजकांना पडतो, त्याला स्वतःला मात्र पडत नाही. तो अर्धा वेळ एका बॅचमध्ये काढतो आणि अर्धा दुसऱ्या, आणि बहुधा दोन्हीकडच्या बातम्या त्यालाच अधिक ठाऊक असतात. पदवी न घेताच गेलेल्यांची गोष्ट याहून नाजूक असते. वडील अचानक गेले म्हणून दुसऱ्या वर्षातून शेतीवर परतलेला, नोकरीचा आदेश हाती पडताच परीक्षेवर पाणी सोडणारा, असे कितीतरी जण महाविद्यालयाच्या आयुष्यात भरपूर वाटा उचलून जातात आणि प्रमाणपत्रांच्या हिशेबात कोठेच उरत नाहीत. ज्या संघांची घटना, म्हणजे कारभाराची लेखी नियमावली, 'एक वर्ष शिकलेला तो माजी विद्यार्थी' इतकी उदार व्याख्या करते, त्या संघांना हे शहाणपण अनुभवाने आलेले असावे.

हे स्नेहभोजन पुष्कळदा महाविद्यालयाच्या गावी होत नाही. साताऱ्याला, सांगलीला किंवा अमळनेरला शिकलेली माणसे नोकरीच्या निमित्ताने पुण्या-मुंबईत स्थिरावतात, तेथे त्यांच्या संघाची शाखा निघते आणि हिवाळ्यातला एखादा रविवार गाठून, परदेशी गेलेली मंडळी सुटीवर आलेली असतानाच, मेळावा भरतो. सांगली आणि मिरज यांच्यामधल्या विश्रामबागेत १९१९ साली विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले आणि १९४७ मध्ये त्याच परिसरात एक अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, ज्याला १९५५ पासून वालचंद यांचे नाव आहे. ही दोन नावे घेतली की पुण्याच्या कोणत्याही मोठ्या गृहसंकुलात दोन-चार दारे तरी उघडतील. अशा मेळाव्यात गावाकडून कोणीतरी भडंगाचे पुडे घेऊन येतो, सातारकर असेल तर कंदी पेढ्यांचा खोका आणतो, आणि केटररने मांडलेल्या पदार्थांपेक्षा गर्दी त्या पुड्याभोवती अधिक होते. भडंगातली लसणाची फोडणी, तळाशी राहिलेले तिखट शेंगदाणे आणि मुठीत घेऊन उभ्याउभ्या खाण्याची रीत, एवढ्यावर वसतिगृहाच्या रात्री, परीक्षेच्या आदल्या दिवशीची जागरणे आणि विश्रामबागेच्या स्थानकावरचे वाट पाहणे असे सारे बोलण्यात येऊ लागते.

जेवणाआधी एक सभा असते आणि ती टाळून थेट जेवायला येण्याकडे बहुतेकांचा कल असतो, हे संघाच्या कार्यकर्त्यांचे जुने दुखणे आहे. महाराष्ट्रात असे संघ साधारणपणे १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक न्यास कायदा यांखाली नोंदलेले असतात. त्यामुळे दरवर्षी सर्वसाधारण सभा घेणे, लेखापरीक्षकाने तपासलेला हिशेब मांडणे आणि पदाधिकारी बदलले की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तसा फेरफार अहवाल देणे त्यांना भाग असते. नोटिशीवर नेहमीचे एक वाक्य असते, की गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल आणि तिला गणसंख्येचे बंधन राहणार नाही. गणसंख्या म्हणजे सभेचे कामकाज वैध होण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती. ती सहसा भरत नाही आणि तो अर्धा तास चहात जातो. त्यानंतर खजिनदार उभे राहतात आणि आजीव सभासदांच्या ठेवीवर किती व्याज आले, त्यातून किती शिष्यवृत्त्या दिल्या, टपालाचा खर्च किती घटला आणि सभागृहाचे भाडे किती वाढले, हे वाचून दाखवतात. समोर वीस-पंचवीस माणसे असतात. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासून निवृत्त झालेली व्यक्ती एका पैशाच्या मोबदल्याविना हे काम वर्षानुवर्षे करते, पावत्या तारखेनुसार लावून ठेवते आणि पाचशे रुपयांच्या फरकासाठी दोन रात्री जागते, तेव्हा तिच्या हातून जे घडत असते त्याला केवळ सेवा म्हणणे अपुरे वाटते. त्या रुक्ष आकड्यांतूनच संघ एका वर्षातून दुसऱ्या वर्षात जात असतो.

सभेत एक ठराव असा असतो, की तो मांडायला कोणी पुढे होत नाही आणि त्याला अनुमोदनही लागत नाही. वर्षभरात दिवंगत झालेल्यांची नावे सचिव बॅचच्या क्रमाने वाचतात आणि सगळे उभे राहतात. जुन्या वर्षांची नावे ऐकताना सभागृह शांत असते. मग क्रम अलीकडे येऊ लागतो, एखादे नाव असे येते की ते ऐकून मागच्या रांगेतून 'कधी?' असा दबका प्रश्न उमटतो, आणि बातमी कोणापर्यंत पोहोचलीच नव्हती हे तेथे कळते. यादी अद्ययावत ठेवणे, हे संघाच्या कामांत सर्वांत कमी दिसणारे आणि सर्वांत कठीण काम आहे. पत्ते बदलतात, दूरध्वनी क्रमांक बदलतात, घरातल्यांना संघ ठाऊक नसतो. वार्षिक अंक 'पत्त्यावर व्यक्ती राहत नाही' असा शेरा घेऊन परत येतो आणि एक नाव संशयित होऊन बसते.

मग जेवण. एकेकाळी या मेळाव्यांत पंगती बसत आणि वाढायला शेवटच्या बॅचची मुले असत. आता बहुतेक ठिकाणी बुफे असतो, म्हणजे ज्याने त्याने ताट घेऊन पदार्थांच्या टेबलांसमोरून पुढे सरकायचे. पंगतीत एकदा बसले की शेजारी कोण हे ठरून जाई आणि जेवण होईपर्यंत त्याच्याशीच बोलावे लागे. बुफेत माणूस फिरता राहतो, अधिक जणांना भेटतो आणि कोणाशीही फार बोलत नाही. या बदलाबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, कारण गुडघे दुखणाऱ्यांची संख्या मोठी आहे. मात्र एकत्र जेवणे ही महाराष्ट्रातल्या काही शिक्षणसंस्थांच्या बाबतीत शिष्टाचारापुरती गोष्ट नव्हती, हे विसरता येत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले, ज्याला १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. तेथे वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एका स्वयंपाकघरातले अन्न एका ओळीत बसून खात. जातीनुसार वेगळे पाणवठे आणि वेगळ्या पंगती असलेल्या त्या काळात ही ओळ म्हणजे समाजाच्या मुळाला घातलेला हात होता. मुलांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय होईना, तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले आणि अखेर मंगळसूत्रही दिले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले, तेही 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर, म्हणजे विद्यार्थ्याने श्रम करावेत आणि त्या श्रमातून शिक्षणाचा खर्च भागवावा अशा व्यवस्थेवर.

अशा महाविद्यालयातून शिकून गेलेल्या पिढीच्या स्नेहभोजनाला म्हणूनच एक वेगळे वजन असते. ज्याच्या घरात त्याच्याआधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते, त्याने हातात कुदळ घेऊन शिक्षण पुरे केले आणि पुढे शिक्षक, अधिकारी, वकील म्हणून उभे आयुष्य काढले. त्याला पुण्याच्या सभागृहात जुन्या सोबत्यांबरोबर ताट हाती घेताना भाकरीचा हिशेब आठवतो, आणि त्या आठवणीत कडवटपणा नसतो. या मंडळींच्या बोलण्यात प्राध्यापकांच्या आधी भटारखान्याचा विषय निघतो. कोणाच्या पाळीत आमटी पातळ झाली, कोणी रात्री उपाशी झोपलेल्या मुलासाठी अर्धी भाकरी झाकून ठेवली, हे साठी-सत्तरीतली माणसे नावानिशी सांगतात. ज्याच्यासाठी ती भाकरी ठेवलेली असते तो कधी कधी समोरच उभा असतो आणि त्याला ती कोणी ठेवली होती हे इतक्या वर्षांनी प्रथमच कळते.

माजी विद्यार्थ्यांच्या एकत्र येण्याला स्मरणरंजनापलीकडे काही बळ असते का, याचा विचार करू लागले की डेक्कन महाविद्यालयाच्या इतिहासापाशी थांबावे लागते. पेशव्यांच्या दक्षिणा निधीतून १८२१ मध्ये पुण्यातल्या विश्रामबागवाड्यात निघालेली पाठशाळा हे त्याचे मूळ. पुढे तिचे रूप पालटत गेले, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीच्या आधाराने येरवड्याजवळ दगडी इमारत उभी राहिली आणि १८६८ पासून महाविद्यालय तेथे नांदू लागले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर हे तिघेही तेथले विद्यार्थी. टिळक आणि आगरकर यांनी देशासाठी शिक्षणाचे काम हाती घेण्याचा विचार केला तो त्याच आवारात, आणि तेथल्या या मैत्रीतूनच पुढे १८८० चे न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ चे फर्ग्युसन आणि बऱ्याच काळाने सांगलीचे विलिंग्डन अशी साखळी तयार झाली. त्या दोघांचे पुढे तीव्र मतभेद झाले, हे खरे. पण ज्या संस्था उभ्या राहिल्या त्या मतभेदांना पुरून उरल्या.

हेच महाविद्यालय मुंबई सरकारने १९३४ मध्ये बंद केले. वर्ग थांबले, आवार रिकामे झाले आणि ती वास्तू व जमीन शिक्षणाच्या हातून जाण्याची वेळ आली. त्या वेळी उभे राहिले ते माजी विद्यार्थी. महाविद्यालयात शिकणारे विद्यार्थी उरले नव्हते, शिकवणारे प्राध्यापक नव्हते, चालवणारे सरकारच ते मोडायला निघाले होते. त्या संस्थेच्या वतीने बोलू शकेल असा एवढाच एक समुदाय शिल्लक होता. त्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि मुद्दा असा मांडला, की जीजीभॉय यांची देणगी शिक्षणासाठी दिलेली असल्यामुळे सरकार त्या मालमत्तेचे केवळ विश्वस्त आहे, मालक नव्हे. विश्वस्त म्हणजे दुसऱ्याच्या हेतूसाठी संपत्ती सांभाळणारा. या लढ्याचे फळ म्हणून १७ ऑगस्ट १९३९ रोजी डेक्कन महाविद्यालय पदव्युत्तर अध्ययन आणि संशोधनाची संस्था या रूपात पुन्हा उघडले. सुमित्र मंगेश कत्रे, हसमुख सांकलिया, इरावती कर्वे यांचे संशोधन त्यानंतर तेथे फुलले. संस्कृतच्या महाकोशाचे काम १९४८ मध्ये तेथे सुरू झाले आणि ते आजही चालू आहे. टिळक ज्या खोलीत राहत ती खोलीही तेथे जपलेली आहे.

या घटनेत न्यायालयाचा भाग जितका महत्त्वाचा, तितकाच त्याआधीचा न दिसणारा भाग महत्त्वाचा वाटतो. विखुरलेल्या, वेगवेगळ्या गावी वकिली-नोकरी करणाऱ्या आणि परस्परांशी राजकारणात पटत नसलेल्या माणसांना एकत्र बोलावता आले, याचा अर्थ कोणाकडे तरी त्यांची नावे होती, पत्ते होते आणि हाक दिली तर ते येतील असा भरवसा होता. असा भरवसा आणीबाणीच्या दिवशी निर्माण करता येत नाही. तो शांततेच्या वर्षांत, पत्रे पाठवून, वर्गण्या गोळा करून आणि एकमेकांसोबत जेवून जमवून ठेवावा लागतो. रविवारी दुपारी पुलाव आणि जिलबीच्या भोवती जमलेल्या गर्दीकडे या दृष्टीने पाहिले, तर खजिनदारांच्या पावत्यांना आणि सचिवांच्या यादीला निराळा अर्थ येतो.

संघांची बाकीची कामे या मानाने सरळ असतात आणि ती थोडक्यात सांगता येतील. गरजू मुलांची शुल्कभरपाई, ग्रंथालयाला पुस्तके, प्रयोगशाळेला उपकरणे, मुलाखतीचा सराव, कधी एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या शस्त्रक्रियेसाठी गुपचूप जमवलेला निधी. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या, १८५४ पासूनच्या संस्थेत जुन्या विद्यार्थ्यांना परत आणायला स्वतंत्र निमंत्रण फारसे लागत नाही; १९२८ पासूनच्या तेथल्या बोट क्लबची रेगाटा, म्हणजे संगमाजवळच्या नदीपात्रातल्या नौकांच्या कसरती, पाहायला ते आपल्या मुलाबाळांना घेऊन काठावर येतात. अलीकडे संघांची संख्या वाढण्यामागे आणखी एक कारण आहे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करण्यासाठी १९९४ मध्ये स्थापन झालेल्या 'नॅक' या परिषदेच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्वतंत्र स्थान आहे आणि नोंदणीकृत संघ आहे का, असे तेथे विचारले जाते. त्यासाठी घाईने नोंदलेले काही संघ कागदावरच राहतात, याची खंत वाटते; तरीही कागदावर उघडलेल्या यादीत पुढे कोणी मनापासून नावे भरू लागले, तर त्या घाईचेही चीज होते.

त्या यादीतली सर्वांत मोठी भगदाडे मुलींच्या नावांची आहेत. मेळाव्यात जुन्या बॅचच्या टेबलांवर पुरुषच अधिक दिसतात, आणि त्याचे कारण केवळ त्या काळी मुली कमी शिकत एवढेच नाही. लग्नानंतर आडनाव बदले, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव येई आणि कित्येक घरांत ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून मुलीचे पाळण्यातले नावही बदलले जाई. वर्गात पहिली आलेली, वक्तृत्वस्पर्धेची ढाल आणणारी विद्यार्थिनी पाच वर्षांनी शोधायची झाली, तर तिच्या नावातला एकही शब्द जागेवर नसे. संघाचे निमंत्रण माहेरच्या पत्त्यावर जाई, तेथे भावजयीच्या हाती पडे आणि दिवाळीत ती आली तर तिला मिळे. मित्र एकमेकांना नोकरीच्या निमित्ताने भेटत राहिले आणि त्यांच्या गटांतून संघ उभे राहिले. मैत्रिणींचे धागे मात्र ज्या त्या सासरी तुटले, आणि ते जोडण्यासाठी कोणी यादी ठेवली नव्हती.

आता काही संघांच्या सभासद-अर्जावर 'महाविद्यालयात असतानाचे नाव' असा वेगळा रकाना आला आहे आणि तो भरून येणारे अर्ज वाढत आहेत. एक सापडली की तिच्या वसतिगृहातल्या खोलीतल्या दोघी सापडतात, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातले एखादे छायाचित्र फिरू लागते आणि खाली ओळीने बसलेल्या मुलींपैकी कोण कोठे आहे, याचा तपास दोन-तीन शहरांत एकाच वेळी सुरू होतो. जिथे आठवण पुरत नाही, तिथे महाविद्यालयाच्या कार्यालयातले जनरल रजिस्टर काढावे लागते. प्रवेशाच्या दिवशी लिहिलेले नाव, जन्मतारीख आणि गाव त्यात जसेच्या तसे असते. ही रजिस्टरे जुनी झाली आहेत, कडा झडत आहेत, शाई उडत चालली आहे, आणि त्यांची छायाचित्रे काढून ठेवण्याचे काम काही ठिकाणी हौशी माजी विद्यार्थ्यांनीच अंगावर घेतले आहे. सुरुवात कोठून करावी, याबद्दल त्यांच्यात एकमत नाही. काहींचे म्हणणे, की सर्वांत जुन्या खंडापासून करावी, कारण त्या पानांवरची जी माणसे हयात आहेत त्यांना फार थांबवता येणार नाही. काहींचे म्हणणे, की अलीकडचे खंड आधी घ्यावेत, कारण त्यातल्या सभासदांच्या वर्गणीतूनच पुढच्या कामाचा खर्च निघणार आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय ठेवायचे ठरले आहे.